केबिन खाली आहे

टूर मॅनेजर नेमकं करतो काय, असं मला कोणी विचारलं की मी सांगते, माणसं मोजतो. डोंगर, समुद्र, राजवाडे पाहुण्यांसाठी असतात. आम्हाला फक्त डोकी दिसतात. बसमध्ये चढली की मोजायची, उतरली की मोजायची, जेवायला बसली की परत मोजायची. ही खोड इतकी अंगात मुरली आहे की वडिलांच्या तेरवीला पंगत बसली तेव्हा मी सवयीनं बोट फिरवलं आणि मोठ्यानं म्हणाले, "एक कमी आहे." सगळी पंगत माझ्याकडे बघत राहिली. आई तर ताटावरून उठूनच गेली.

या धंद्यात बाकी काहीही चुकलं तरी निभावतं. हॉटेल भिकार निघालं तर लोक शिव्या देतात आणि झोपतात. बॅग हरवली तर परत मिळते. माणूस मात्र हरवून चालत नाही. निवृत्त होईपर्यंत माझा एकही माणूस मागे राहणार नाही, अशी माझी समजूत होती. आता निवृत्त झाले आहे, जबलपूरला घरी आहे, आणि त्या एका दुपारचा धक्का अजून उतरलेला नाही.

मी जबलपूरची. वडील तिथल्या दारूगोळ्याच्या सरकारी फॅक्टरीत होते. भेडाघाटच्या नावेत बसून पाहुण्यांना संगमरवरी खडक दाखवण्यापासून माझी सुरुवात झाली. नंतर पुण्याच्या एका सहल कंपनीनं मला घेतलं, कारण जबलपूर, नागपूर, रायपूरकडची मराठी मंडळी त्यांच्याकडे येऊ लागली होती आणि त्यांची बोली पुण्याच्या पोरांना झेपत नव्हती. आमच्या घरातलं मराठी हे हिंदीच्या शेजारात वाढलेलं. 'काहून', 'जाऊन राहिलो', 'की'च्या जागी 'का', 'अच्छा', 'चलो' सगळं एकाच वाक्यात नांदतं. मला गटातले सगळे 'दीदी' म्हणायचे, आणि त्याच वाक्यात पुढे 'तुम्ही'.

माझे पाहुणे म्हणजे बहुतेक पेन्शनर. फॅक्टरीतले, रेल्वेतले, केंद्र सरकारच्या कचेऱ्यांमधले. मुलं बाहेरगावी, घरात दोघंच. युरोप झालेला असतो, मग कोणीतरी म्हणतं, आता एकदम शेवटच्या टोकाला जाऊ. ही मंडळी सोपी नसतात. ज्या सहलीची ही गोष्ट आहे तिच्यातच जबलपूरजवळच्या शहपुऱ्याचे एक शेतकरी होते. त्यांनी चिलीच्या जमिनीत उगवतात का पाहू म्हणून खिशात आपल्या शेतातले वाटाणे आणले होते. त्या देशात बी-बियाणं नेणं म्हणजे गुन्हा. विमानतळावर कुत्र्यानं त्यांच्या पँटला नाक लावलं आणि हे गृहस्थ कुत्र्याला म्हणतात, "हट रे भैया." दंड होता होता वाचला. मी त्यांच्यावर अशी ओरडले की पुढे दोन दिवस ते माझ्या वाऱ्यालाही उभे राहिले नाहीत.

सहल होती दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण टोकाची. चिलीतल्या पुंता अरेनासला लहानसं जहाज पकडायचं, अरुंद सामुद्रधुन्यांमधून बर्फाच्या नद्या बघत खाली सरकायचं, हवामानानं दया केली तर केप हॉर्नच्या खडकावर पाय ठेवायचा आणि अर्जेंटिनातल्या उशुआयाला उतरायचं. मध्ये मध्ये जहाज निर्मनुष्य बेटांपाशी थांबतं आणि रबरी होड्यांमधून आपल्याला किनाऱ्यावर सोडतं. तिथे धक्का नाही, घर नाही, चहाची टपरी नाही. वाऱ्यानं एका बाजूला वाकलेली झाडं, दगड आणि पेंग्विन. इतकी ओसाड जागा मी त्याआधी पाहिली नव्हती.

आता जहाजावरची एक गोष्ट समजून घ्या, कारण सगळं तिच्यावरच फिरलं. होडीत उतरायच्या दारापाशी एक लाकडी फळा होता. त्यावर प्रत्येक प्रवाशाच्या नंबरचा एक बिल्ला टांगलेला. बिल्ल्याची एक बाजू लाल, दुसरी पांढरी. किनाऱ्यावर जाताना आपण आपला बिल्ला लाल करायचा, परत आल्यावर आपणच तो पांढरा करायचा. सगळे पांढरे झाले की जहाज नांगर उचलणार. लहान मुलालाही समजेल अशी पद्धत.

पण आमच्याकडे नवऱ्याचा बिल्ला नवरा कशाला उलटवेल? त्याचा रुमाल, त्याचा चष्मा, त्याच्या गोळ्या बायको बघते, तसाच बिल्लाही तिनंच बघायचा. पहिल्याच दिवशी आमच्या बायकांनी दोघांचे बिल्ले भराभर उलटवले आणि नवरे अजून होडीत लाटा खात होते. कोणी उलटवायचंच विसरलं. जहाजावरचा अधिकारी संतापला. मग असं ठरलं की आमच्या गटाचा शेवटचा मेळ माझा सहकारी नितीन घालेल. लाल राहिलेला बिल्ला दिसला की तो माणूस शोधेल, खात्री करेल आणि मगच पांढरा करेल.

नितीन पुण्याचा, साधारण माझ्याच वयाचा, कामात चोख. आमची जोडी जमली होती. तो माझ्या मराठीची टर उडवायचा. "तुमचं मराठी म्हणजे हिंदीला नेसवलेलं लुगडं," म्हणायचा. मी म्हणायची, "आणि तुमचं म्हणजे इस्त्रीचा सदरा, वापरायला भीती वाटते." हसायचो आम्ही दोघंही.

गटात बोंडे काका आणि काकू होते. काका फॅक्टरीतून निवृत्त झालेले, आता जबलपूरबाहेर बरगीजवळ थोडी जमीन घेऊन तिथे रमलेले. कमी बोलणारा माणूस. कुठं चाललो हे बायकोला सांगून जायची पद्धत त्यांच्याकडे नव्हतीच. काकूंची तक्रार होती, "चप्पल दिसली नाही, का समजायचं, बाहेर गेले." काकांना मधुमेह होता आणि त्यामुळे दर थोड्या वेळानं लघवीला जावं लागायचं. केप हॉर्न पाहायची हौस काकांची. काकू आल्या होत्या कारण ते निघाले होते.

त्या दिवशी पेंग्विनचं बेट होतं. आदल्या संध्याकाळी नितीननं सगळ्यांना बसवून दम भरला होता. ही जागा राखीव आहे, दगड उचलायचा नाही, पान तोडायचं नाही, थुंकायचं नाही आणि लघवी तर अजिबात नाही, जे काय ते जहाजावरच उरकून घ्या. लोक हसले. काका हसले नाहीत, हे मला नंतर आठवलं.

मी त्या दिवशी किनाऱ्यावर गेलेच नाही. गटातल्या एका बाईंना बोट लागली होती आणि मी डॉक्टरच्या खोलीत त्यांची पाठ चोळत बसले होते. तेवढ्यात वारा उठला. तिकडचा वारा सांगून येत नाही. कॅप्टननं सगळ्या होड्या ताबडतोब माघारी बोलावल्या. किनाऱ्यावर घाई उडाली, जहाजाच्या खलाशांनी किनारा पाहिला, कोणी दिसलं नाही, शेवटची होडी निघाली. काकू गुडघे दुखतात म्हणून आधीच्याच होडीतून परत आल्या होत्या. त्यांना वाटलं, हे मागून येतील.

फळ्यावर आमच्या गटातला एकच बिल्ला लाल राहिला होता. बोंडे काकांचा. नितीन धावत काकूंकडे गेला. त्या केबिनमधून नुकत्याच वर आल्या होत्या.

"काकू, काका केबिनमध्ये आहेत का?"

"केबिन तं खाली आहे, भाऊ."

"ठीक आहे," नितीन म्हणाला, आणि जाऊन त्यानं बिल्ला पांढरा केला.

जे वाचक पुण्या-मुंबईकडचे असतील त्यांना अजून काही खटकलं नसेल. केबिन खालच्या मजल्यावर आहे, काका तिथे आहेत, झालं. नितीननं हेच ऐकलं. पण आमच्याकडे खालच्या मजल्याला 'खालते' म्हणतात. 'खाली' म्हणजे हिंदीतलं खाली. डबा खाली, घर खाली, खुर्ची खाली. केबिन खाली आहे म्हणजे केबिनमध्ये कोणी नाही. हेच वाक्य हिंदीतून आलं असतं तर नितीनला पटकन कळलं असतं, तो काही कालचा पोर नव्हता. पण वाक्य मराठी होतं आणि त्याच्या मराठीत त्याला एकच अर्थ होता.

काकूंच्या बाजूनं बघा. त्यांनी सांगितलं होतं. माझा माणूस केबिनमध्ये नाही, आला नाही. समोरचा 'ठीक आहे' म्हणून धावत गेला. आता ही मोठी कंपनी, हे मोठं जहाज, ते लोक त्यांना घेऊन येतील. त्या निवांत झाल्या. दोघंही निवांत झाले आणि जहाजानं नांगर उचलला.

मी डॉक्टरच्या खोलीतून बाहेर आले तेव्हा वरच्या मोठ्या दालनात चहा चालला होता. काकू खिडकीपासून लांब, सोफ्यात बसल्या होत्या आणि चहात बिस्किट बुडवत होत्या. मला पाहून त्यांनी हसून विचारलं, "आणलं काय दीदी त्यांना?"

"कोणाला?"

"ह्यांना. मी त्या नितीनभाऊंना सांगितलं न मघाशी."

"काय सांगितलं?"

"का केबिन खाली आहे म्हणून."

ते वाक्य मला माझ्या आईच्या आवाजात ऐकू आलं, आमच्या स्वयंपाकघरातलं, आणि त्याच क्षणी नितीनच्या कानानंही ऐकू आलं. दोन्ही अर्थ एकदम समोर उभे राहिले. मी काकूंना उत्तर न देता पळाले.

जिन्यावर नितीन भेटला. मी ओरडले, "बोंडे काका कुठे आहेत?"

"केबिनमध्ये. काकूंनीच सांगितलं, केबिन खाली आहे." आणि त्यानं बोटानं खालचा मजला दाखवला.

ते बोट मी मरेपर्यंत विसरणार नाही. मी म्हणाले, "रिकामी, नितीन. खाली म्हणजे रिकामी." त्याचं बोट तसंच राहिलं. आम्ही खाली धावलो. केबिनचं दार उघडं होतं. पलंगाखाली काकांच्या चपला होत्या, टेबलावर त्यांच्या मधुमेहाच्या गोळ्या होत्या. ते जाताना घातलेले बूट नव्हते आणि लाल जॅकेटही नव्हतं.

कॅप्टनला मी काय आणि कोणत्या इंग्रजीत सांगितलं ते आठवत नाही. त्यानं वाऱ्याचा काटा बघितला, नकाशा बघितला आणि हुकूम सोडला. पण जहाज काही आपल्या बससारखं जागच्या जागी वळत नाही. सामुद्रधुनी अरुंद होती. रुंद पाणी येईपर्यंत आम्हाला पुढेच जावं लागलं, बेटापासून आणखी दूर. खिडकीतून ते बेट लहान होताना मी पाहत होते. या वाऱ्यात एक म्हातारा मधुमेही माणूस, खायला काही नाही, गोळ्या इथे टेबलावर, आणि आम्ही पुढे चाललेलो.

काकूंना सांगणं भाग होतं. मी त्यांच्या शेजारी बसले आणि सांगितलं की काका बेटावरच आहेत, आपण परत फिरतोय, लगेच आणू. त्यांनी आधी मान डोलावली. मग सावकाश विचारलं, "परत फिरून राहिलो म्हणजे? निघालो होतो काय आपण?"

"हो काकू."

"जहाज चालून राहिलं होतं? मी तं समजले, त्यांच्यासाठी थांबलं आहे." त्यांनी हातातल्या बशीकडे पाहिलं. "दीदी, मी बिस्किटं खाऊन राहिली होती. ते तिकडं, अन् मी बिस्किटं खाऊन राहिली होती." मग त्यांनी ती बशी टेबलावर न ठेवता माझ्या हातात दिली आणि दोन्ही हात मांडीखाली घालून बसल्या. रडल्या नाहीत. मला तेच जास्त भयंकर वाटलं.

शोधायला जाणाऱ्या होडीत प्रवाशाला घेत नाहीत. मी कॅप्टनला म्हटलं, तो माणूस घाबरलेला असेल, कदाचित साखर उतरून भ्रमिष्ट झालेला असेल, त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलणारं कोणी नको का? त्यानं मला जाऊ दिलं. होडी लाटांवर अशी आदळत होती की माझी कंबर आजही पावसाळ्यात त्याची आठवण देते.

किनाऱ्यावर कोणी नव्हतं. पेंग्विन उभे होते, आम्ही गेल्याचं त्यांना काही नव्हतं. लाल जॅकेट कुठे दिसेना. मी "काका, ओ काका" म्हणून ओरडत होते आणि वारा आवाज तोंडातल्या तोंडात परत ढकलत होता. पाण्याकडे बघायची माझी हिंमत होत नव्हती. माणूस घाबरून काय करेल, होडीमागे पाण्यात उतरला असेल का, हेच डोक्यात फिरत होतं.

बरोबरच्या खलाशाला ते सापडले, किनाऱ्यापासून बरेच वर, एका उन्मळून पडलेल्या झाडाच्या आडोशाला. गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. ओठ निळे, हात लाकडासारखे. खलाशानं त्यांना ऊब धरणाऱ्या चांदीसारख्या कागदात गुंडाळलं. मी पर्समधली साखर त्यांच्या तोंडात घातली. ती त्यांना नीट चघळताही येत नव्हती.

जरा वेळानं ते म्हणाले, "मी लघवीले गेलो होतो. तुम्ही लोकांनी सांगितलं होतं, इथं मनाई आहे. म्हणून लांब आलो, का कोणाले दिसू नये."

आम्हीच घातलेल्या दमामुळे तो माणूस लाजून इतका दूर, आडोशाला गेला होता, आणि म्हणूनच किनारा पाहणाऱ्यांना दिसला नव्हता. परत येऊन त्यानं पाहिलं तर होड्या नाहीत आणि जहाज चाललेलं.

"हाका मारल्या मी," काका म्हणाले. "आधी मराठीत मारल्या. मग हिंदीत. मग वाटलं, ती आहे न जहाजावर. ती सांगेन, का हे आले नाही. ती असताना जहाज जाऊच शकत नाही. अन् जहाज गेलं." माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "तिनं सांगितलं नाही काय, दीदी?"

इतक्या वर्षांत पाहुण्यांनी मला नाही नाही ते विचारलं आहे. असा प्रश्न मात्र कोणी विचारला नव्हता. थंडीनं नव्हे, मरणाच्या भीतीनं नव्हे, हा माणूस या विचारानं मोडला होता. जन्मभर बायकोला न सांगता घराबाहेर पडलेला माणूस, आणि तिच्या लक्षातच आलं नाही असं समजून तो त्या झाडामागे बसला होता.

"सांगितलं होतं, काका," मी म्हणाले. "सगळ्यांच्या आधी तिनंच सांगितलं होतं. आम्हाला समजलं नाही."

"सांगितलं होतं?"

"आईशपथ सांगितलं होतं."

तेव्हा ते रडायला लागले. खलाशी त्यांना उचलून होडीकडे नेत होता आणि ते त्याच्या खांद्यावर डोकं टेकून त्याला मराठीत सांगत होते, "अच्छा, सांगितलं होतं तिनं. सांगितलं होतं." तो बिचारा आपल्या भाषेत "सी, सी", म्हणजे हो, हो, करत होता.

जहाजाच्या दारापाशी, त्या बिल्ल्यांच्या फळ्याखाली, काकू उभ्या होत्या. त्यांच्या मागे नितीन होता. त्याची मान खाली होती. काकांना वर घेतलं तेव्हा त्यांच्या पायात बळ नव्हतं, मी एका बाजूनं धरलं होतं. काकूंनी त्यांच्या गालाला हात लावला, थंड लागला म्हणून दोन्ही हात लावले.

"मी सांगितलं होतं हो," त्या म्हणाल्या.

"मालूम आहे. दीदीनं सांगितलं."

मग काकू नितीनकडे वळल्या. मला वाटलं, आता त्या त्याला फाडून खातील. मी मनातून वाटच पाहत होते. त्या बोलल्या नसत्या तर मी बोलणार होते.

"भाऊ," काकू म्हणाल्या, "मी काय म्हणायले पाहिजे होतं?"

नितीनला कळलं नाही. "काय काकू?"

"म्हणजे तुम्हाले समजलं असतं, असं मी काय म्हणायले पाहिजे होतं?"

त्यात टोमणा नव्हता. त्या खरोखर विचारत होत्या. नितीनच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्याला ते पुसायचंही भान नव्हतं.

"रिकामी," तो म्हणाला. "केबिन रिकामी आहे."

"रिकामी," काकूंनी तो शब्द हळूच म्हणून पाहिला. मग नवऱ्याचा हात आपल्या शालीत घेत त्या म्हणाल्या, "आता ध्यानात ठेवीन, भाऊ. चुकलं माझं."